चुकवलेल्या जेवणाची किंमत

दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अॅरिस्टायडीस या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती लोकांच्या बचावासाठी रोमन सम्राटाला उद्देशून एक लेख लिहिला. ही माणसे जगतात कशी, हे सांगताना त्याने एक साधी गोष्ट नोंदवली आहे. त्यांच्यात कुणी गरजू असला आणि त्याला द्यायला घरात जास्तीचे काही नसले, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि वाचलेले अन्न त्याला नेऊन देतात. ख्रिस्ती उपासावर पुढे शतकानुशतके खूप लिहिले गेले, पण त्याचा गाभा या छोट्या नोंदीत येऊन गेला आहे.

त्याच शतकात रोममध्ये प्रचारात असलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर हिशेबच घालून दिला आहे. उपासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावे, एरवी जे जेवलो असतो त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा अडलेल्याला द्यावी. किती द्यायचे हे मनाच्या लहरीवर सोडलेले नाही. रोजचे ताटच ते ठरवते.

आणि प्रार्थना? मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास यांविषयी एकाच ओघात बोलतो. तिन्हींना अट एकच, लोकांना दाखवण्यासाठी करू नका. उपास करणाऱ्याने डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, चेहरा पाडून फिरू नये. प्रार्थना नसेल तर उपास पथ्यावर येऊन थांबतो. ज्याने तो मनापासून केला आहे त्याला दुपारची वेळ चांगली ठाऊक असते. पोटात कावळे ओरडू लागतात, घरच्यांवर उगाच चिडचिड होते, सकाळचा उत्साह ओसरतो. आपण किती थोडक्यावर उभे आहोत हे तेव्हा कळते, आणि ‘आमची रोजची भाकर’ मागणारा माणूस खरोखर काहीतरी मागू लागतो. एरवी भरल्या पोटी हीच मागणी किती सहज ओठांवरून निघून जाते!

अंत्युखिया शहराचे उदाहरण इथे आठवते. येशूच्या शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम तिथेच मिळाले आणि तिथल्याच मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि पौल यांना सुवार्तेच्या प्रवासाला पाठवले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. त्याच शहरात सन 387मध्ये नव्या करावरून दंगल उसळली आणि जमावाने सम्राट थिओडोसियस व त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले. आता सम्राट सूड घेणार, या भीतीने शहराची गाळण उडाली. म्हातारा बिशप फ्लेव्हियन क्षमा मागायला थेट कॉन्स्टँटिनोपलला निघाला. दिवस ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाचे होते. पुढे क्रिसोस्टोम म्हणून प्रसिद्ध झालेला योहान हा धर्मगुरू त्या धास्तावलेल्या लोकांपुढे प्रवचने देत राहिला. लोकांना गोंजारण्यापेक्षा त्याने त्यांना खडसावणे पसंत केले. मांस सोडले आणि निंदा करून भावाचेच लचके तोडले तर तो उपास कसला, असे त्याने विचारले. डोळ्यांनी, कानांनी, हातांनीही उपास करायला सांगितले. अखेर क्षमेची बातमी आली आणि शहर वाचले.

उपास हा ज्याच्या घरी अन्न आहे त्याच्यासाठी असतो, हे मात्र विसरता कामा नये. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने स्पष्टच म्हटले आहे की, तुकडा तुकडा मागून पोट भरणाऱ्या आणि पुरेसे जेवण एकावेळी न मिळणाऱ्या गरिबावर उपासाचे बंधन नाही. उपासमार लादली जाते, उपास माणूस स्वतः निवडतो.

हा फरक पंडिता रमाबाईंइतका कुणी भोगला असेल? तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या त्यांच्या कुटुंबाने व्रते, दाने, उपास सगळे केले होते. दुष्काळात 1874 साली वडील अनंतशास्त्री गेले आणि थोड्याच काळात आई व थोरली बहीणही गेली. रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचे ‘मुक्ती’ हे त्यांचे आश्रयस्थान त्यातून उभे राहिले. तिथेच 1905च्या जानेवारीत रमाबाईंच्या हाकेला ओ देऊन सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या आणि जूनपर्यंत त्यांची संख्या काही शेंवर गेली. मुक्तीच्या प्रार्थनेची कहाणी पुष्कळजण सांगतात; त्याआधी तिथे मुलींच्या पोटात अन्न गेले होते, हे फार थोडे सांगतात.

आजचा कॅथलिक नियम तसा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवावे. जर्मनीतल्या बिशपांनी 1958मध्ये स्थापन केलेली ‘मिझेरिओर’ ही संस्था प्रायश्चित्तकाळात भुकेल्यांसाठी निधी जमवते. आपल्याकडे ‘कारितास इंडिया’ही याच काळात भूक आणि रोग यांविरुद्धची मोहीम चालवते. पण जेवण किती कमी करावे हे नियमात आहे आणि वाचलेल्याचे काय करावे हे बव्हंशी ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेले आहे. हर्मासची शिस्त इथे जास्त खरी वाटते. भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटेकरी करा, हे यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात बजावले, तेही उपासाचेच लक्षण म्हणून.

तेव्हा येत्या गुड फ्रायडेला वसईपासून नगरपर्यंत जी जी घरे उपास धरतील, त्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर चुकवलेल्या जेवणाची किंमत मांडावी आणि ईस्टरची सकाळ उजाडण्याआधी ते पैसे आपल्याच गावातल्या एखाद्या अडलेल्या घरी नेऊन द्यावेत.