चार पत्त्यांची किंमत

पाकीट उघडलं की आत चार-सहा पत्ते आणि एक घडी घातलेला कागद. हल्ली तर कागदही नसतो, व्हिडिओ कुठे बघायचा त्याची चिठ्ठी असते. पत्त्यांची जादू करणारे याला ‘पॅकेट ट्रिक’ म्हणतात. पूर्ण कॅट लागत नाही, टेबल लागत नाही, सगळा प्रयोग खिशात मावतो. किंमत मात्र बाजारातल्या कितीतरी कॅटांएवढी, आणि परदेशातून मागवलं तर टपालखर्च वेगळा. त्यामुळे माझा कॉलेजात शिकणारा भाचा मोबाईल पुढे करून “मामा, हे घेऊ का?” असं विचारतो, तेव्हा मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. त्याने ते पैसे शिकवण्या करून साठवलेले असतात.

यावेळच्या जाहिरातीत चार राजे होते. एकेक राजा आपोआप पालथा पडत होता आणि शेवटी चारही पत्त्यांच्या पाठी वेगवेगळ्या रंगांच्या निघत होत्या. मी त्याला आवाज बंद करायला लावला. संगीत आणि लोकांच्या किंकाळ्या काढून टाकल्या की हात नीट दिसतात. पत्ते पाकिटातून बाहेर आल्यापासून परत खिशात जाईपर्यंत कॅमेरा सलग चालू आहे का, हे मला बघायचं असतं. इथे तिसऱ्या राजानंतर एका मुलीचा चकित चेहरा येत होता, आणि पुन्हा हात दिसले तेव्हा पत्ते दुसऱ्या हातात गेलेले होते. यात लबाडी असेलच असं नाही. पण त्या मधल्या दोन क्षणांत काय घडलं ते कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण आमच्या फ्रीगंजात नेमक्या त्याच वेळी दुसरीकडे बघणारा प्रेक्षक मिळत नाही.

फ्रीगंज म्हणजे रेल्वेच्या अलीकडचं उज्जैन. महाकाळ, गोपाळ मंदिर, जुन्या गल्ल्या सगळं रुळांच्या पलीकडे. इथे संध्याकाळी टॉवर चौकात खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी असते आणि कुणी खिशातून पत्ते काढले की चारही बाजूंनी माणसं जमतात. पाठीमागेही उभी राहतात, खांद्यावरून वाकून बघतात. जाहिरातीतला जादूगार मात्र एका भिंतीला टेकून, समोरच्या एकाच माणसासाठी खेळत असतो. मराठी घरांत जादू म्हटलं की जुन्या लोकांना जादूगार रघुवीर आठवतात, पडदा आणि रोषणाईसकट. तिथे प्रेक्षक आणि प्रयोग यांच्यात रंगमंचाचं अंतर असतं. पाकिटातल्या खेळाला हातभरही अंतर मिळत नाही.

घरातले प्रेक्षक त्याहून कठीण. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, तरी इथली मराठी वस्ती काही उठली नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने आणखी घरं आली. आमच्याकडे गणपतीतल्या रात्री मेंढीकोट आणि बदाम सात यांच्याशिवाय जात नाहीत. आयुष्यभर पत्ते हाताळलेल्या या माणसांपुढे नुसते चार पत्ते धरले की पहिला प्रश्न येतो, “बाकीचा कॅट कुठाय?” आणि खेळ संपताच हात पुढे येतो, “बघू!”

पाकिटातल्या खेळाची खरी परीक्षा त्या ‘बघू’पाशी होते. यातले काही पत्ते दिसतात तसे नसतात, एवढंच इथे लिहिणं योग्य. म्हणून पत्ते बिनधास्त हातात देता येतील असा तरी खेळ हवा, नाहीतर शेवट इतका पुरेपूर हवा की मागायचं कुणाला सुचूच नये. या दोन्हींतलं काही नसेल तर जादूगाराला घाईघाईने पत्ते खिशात कोंबावे लागतात, आणि त्या घाईतच लोकांना उत्तर मिळून जातं. जाहिरातीत ‘तपासता येतात’ असं लिहिलं होतं. कोणते, किती, ते नव्हतं. भाच्याने विक्रेत्याला विचारलं. उत्तर प्रामाणिक आलं: तीन देता येतात, एक नाही.

मग मी कपाटातला घरचा कॅट काढला आणि त्यातले चार एक्के वेगळे केले. अ‍ॅलेक्स एल्म्स्ली या ब्रिटिश जादूगाराने पत्ते मोजण्याची एक विलक्षण रीत शोधली. १९५९ साली त्याचा चार पत्त्यांचा खेळ विक्रीला आला. पुढच्याच वर्षी त्याच रीतीवर बसवलेला, जादूगार डाय व्हर्ननचा एक्के एकामागून एक उलटण्याचा खेळ पुस्तकात छापून आला. त्याला साधे चार पत्ते पुरतात. पुस्तक मिळवायचं आणि मग काही महिने हाताला वळण लावायचं. मी तो भाच्याला करून दाखवला आणि एक्के त्याच्या हातात ठेवले. जाहिरातीतल्या खेळाचा पहिला अर्धा भाग जवळजवळ हाच होता. म्हणजे तो पैसे देणार होता ते फक्त शेवटच्या रंगीत पाठींचे.

तेवढ्यासाठी किंमत जास्त आहे का? मला तसं सरसकट वाटत नाही. पत्ते छापायला फार खर्च येत नाही हे खरं, पण आपण विकत घेतो तो कुणीतरी वर्षभर डोकं चालवून शोधलेला शेवट. तो शेवट आपल्या माणसांपर्यंत पोहोचतो की नाही, एवढंच बघायचं. ‘कलर मॉन्टे’ हा गाजलेला खेळ माझ्याकडे आहे. रचना सुरेख, गोष्टही ओळखीची. तीन पत्ते मांडून पैज लावणारा ठक आपल्या मेळ्यांतही असतो. पण त्याच्या शेवटी येणारी रक्कम डॉलरमध्ये असते, आणि आमच्या ओसरीवर तिथे हशा पिकत नाही.

म्हणून आम्ही जाहिरात भाच्याच्या आजीला एकदाच दाखवली आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं, काल काय पाहिलंस? ही कसोटी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. बघणाऱ्याला खेळ एका वाक्यात सांगता आला पाहिजे. आजी म्हणाली, “चार राजे होते. पालथे पडले आणि मागून होळी खेळून आले.” मग थोडं थांबून, “पण तो मुलगा सारखा पत्ते का मोजत होता रे?”

आजीचा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला. पाकिटातल्या कित्येक खेळांचा हाच रोग असतो. चार पत्ते आहेत हे एकदा दिसल्यावर पुन्हा पुन्हा मोजून दाखवायला बघणाऱ्याच्या दृष्टीने कारण लागतं. राजे एकेक पालथे पडतात म्हणून ‘आता किती उरले?’ असं विचारत मोजलं तर ते शोभतं. नुसतंच मोजलं तर संशय येतो. आम्ही जाहिरात पुन्हा लावून मोजण्या पाहिल्या. त्यांतली एक गाळता येईल असं मला वाटलं. भाच्याला ते पटलं नाही.

याच खेळाची नक्कल फारच स्वस्तात देतो, असंही त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याला मी साफ नकार दिला. ज्याने शेवट शोधला त्याला एक पैसाही न मिळता त्याचे पत्ते छापून विकणं म्हणजे चोरी, आणि ती घेणाराही तिच्यात सामील. परवडत नसेल तर व्हर्ननचे एक्के आहेतच.

शेवटी त्याने मूळ खेळच मागवला, आणि मी त्याला अडवलं नाही. आजीला दुसऱ्या दिवशी रंग आठवले होते. माझ्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं. सोबत तशाच पाठीचा एक पूर्ण कॅटही घ्यायला लावला. राजे त्यातूनच काढल्यासारखे बाहेर आले की ‘बाकीचा कॅट कुठाय’ हा प्रश्न पडत नाही. ओसरीवर, समोर बसलेल्या चार माणसांत तो खेळ आता चांगला रंगतो. टॉवर चौकात मात्र भाचा साधे एक्केच काढतो, आणि तो न देता येणारा एक राजा असेपर्यंत त्याने तिथे तेच काढावेत असं माझं मत आहे.