यंदा फरशी, पुढच्या साली गिलावा

सातारा, कराड, सांगली अशा गावांच्या कडेला नोकरदारांच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, तिथं एके काळी घरोघरी गच्चीवर सळया दिसायच्या. खालचं घर राहतं झालेलं, दारात तुळस, दोरीवर कपडे, आणि वर कोपऱ्याकोपऱ्यातून बाहेर आलेले लोखंडाचे जुडगे. गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासलेलं असे. पुढेमागे वर मजला चढवायचा, एवढाच त्याचा अर्थ. कुणाकडे तो मुलाच्या लग्नाच्या निमित्तानं चढला, कुणाकडे चढलाच नाही. पण घर अजून व्हायचं आहे, ही गोष्ट कुणी लपवत नसे.

आमचं साताऱ्याचं घर असंच होत गेलं. वडील, म्हणजे अण्णा, माध्यमिक शाळेत शिक्षक. १९७९ साली पाया भरला तेव्हा सिमेंट परमिटवर मिळत होतं. किती खोल्या बांधणार, किती पोती लागणार, हे अर्जात लिहून द्यायचं आणि मंजूर होतील तेवढी पोती घेऊन तेवढंच काम काढायचं. सिमेंटला तेव्हा किती मोल होतं हे आजच्या पिढीला सांगून पटत नाही. त्याच्या वाटपावरून उठलेल्या वादळात १९८२च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना, बॅरिस्टर अंतुल्यांना, पद सोडावं लागलं होतं. पुढच्याच महिन्यात केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. ते पूर्ण उठायला १९८९ साल उजाडलं.

पैशाचंही तसंच. एचडीएफसी १९७७ साली निघाली होती, पण अण्णांच्या ओळखीत तिचं कर्ज घेतलेलं कुणी नव्हतं. शिक्षकांची पतपेढी, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि आईची भिशी, यांवर सगळा डोलारा. महागाई भत्त्याची थकबाकी हाती आली त्या वर्षी घराला खिडक्यांची तावदानं लागली; तोवर पावसाळ्यात गोणपाट होतं. आज विकत घेतलेल्या घराचा हप्ता वीस वर्षं चालतो, पण घर पहिल्या दिवशी पूर्ण असतं. आमच्याकडे पैसा आणि घर बरोबरीनं चालत होते.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर झाल्यावर आम्ही राहायला गेलो. बाहेरून विटा तशाच उघड्या, आत खाली नुसता कोबा. मग दर उन्हाळ्यात एक काम. ‘यंदा फरशी, पुढच्या साली बाहेरचा गिलावा’ असं अण्णा सांगत आणि आई ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवी.

या कामांत घरातल्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता, आणि मला सांगायचंय ते त्याबद्दलच. पुढे मागच्या खोलीचा स्लॅब पडला तेव्हा गवंड्यानं वर मातीचे छोटे बांध घालून वाफे केले. त्यांत पाणी साठवून ठेवायची जबाबदारी आम्हा भावंडांची. शाळेत जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, बादल्या घेऊन शिडीवरून वर. नवीन सिमेंट वाळून जाऊ दिलं तर त्याला बळ येत नाही, त्याला पाणी पिऊ द्यावं लागतं, हे गवंडीमामांनी आम्हाला पुस्तकाआधी शिकवलं. त्या स्लॅबखाली आजवर पाण्याचा थेंब गळलेला नाही. भाऊ पन्नाशी उलटल्यावरही पाहुण्यांना ते सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज बदलतो.

रंगाचं काम तर पूर्ण घरचंच. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अण्णा चुनकळी आणत. पत्र्याच्या पिंपात कळ्या टाकून वर पाणी ओतलं की पिंप रटरटायला लागे, वाफा येत, आणि आई आम्हाला लांब उभं करी. दुसऱ्या दिवशी तो चुना जुन्या धोतरातून गाळायचा. त्यात भिजवलेला डिंक घालायचा, म्हणजे भिंतीला पाठ टेकली तरी कपड्याला लागत नाही. शेवटी निळीची पुरचुंडी, तीही आईच्याच हातानं, कारण जास्त झाली तर भिंती आजारी दिसतात असं तिचं म्हणणं. मग कुंचे. अण्णा स्टुलावर उभे राहून वरचा भाग मारत, आम्ही हात पोचेल तिथपर्यंत. बोटांना खोबरेल तेल चोपडलेलं असे, तरी संध्याकाळी चुना चावायचाच. ओला असताना चुन्याचा हात दिसत नाही, भिंत मळकटच राहते, आणि पहिल्या वर्षी मी रडवेली झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भिंत लख्ख. ‘त्याला हवा लागावी लागते,’ एवढंच अण्णा म्हणाले. खालून वीतभर कावेचा पट्टा ओढायचं काम आक्काकडे, तिचा हात सरळ म्हणून.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट मला ओट्याची वाटते. राहायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात ओटा नव्हता. विटांच्या दोन थप्प्यांवर कडाप्प्याची लादी टाकून आईनं त्यावर स्टोव्ह मांडला होता. पैसे आल्यावर गवंडी आला तोवर तिला त्या खोलीचं सगळं कळून चुकलं होतं. सकाळी उजेड कुठून येतो, फोडणीचा धूर कुठं कोंडतो, पाण्याचं पिंप कुठं ठेवलं म्हणजे हेलपाटे पडत नाहीत. तिनं ओटा नकाशातल्या भिंतीवरून हलवून पूर्वेच्या खिडकीखाली घ्यायला लावला. गवंडीमामांनी तिला भिंतीशी उभं केलं, पोळपाट धरल्यासारखे हात करायला सांगितलं आणि कोपराच्या खाली पेन्सिलीनं खूण केली. आई ठेंगणी, ओटाही तसाच झाला. पुढं वहिनी उंच आली तेव्हा तिला वाकावं लागे, हेही खरं.

चार्ल्स कोरिया या वास्तुरचनाकारांना राहता राहता घर वाढवण्याची ही रीत नीट कळली होती. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी त्यांनी १९८०च्या दशकात जी कमी उंचीची वसाहत रचली, तिथं सात-सात घरं एकेका अंगणाभोवती आहेत आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागलेली नाही. हेतू हा, की शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. सर्वांत लहान प्लॉट ४५ चौरस मीटरचा. गावातला साधा गवंडी करू शकेल असंच बांधकाम. पुढं लोकांनी तिथं मजले चढवले, काहींनी मूळ घर ओळखू येऊ नये इतकं बदललं, आणि त्यावर टीका झाली. मला ती टीका पटत नाही. घर वाढावं म्हणूनच तर ते तसं दिलं होतं.

आता माझ्या मुलाचा पुण्यातला फ्लॅट. किल्ली मिळण्याआधीच त्यानं इंटिरियरचं काम दिलं होतं. लॅपटॉपवर सगळ्या खोल्या फिरवून दाखवल्या: सोफा, पडदे, छताला पीओपी, त्यात लपवलेले दिवे. दीड-दोन महिन्यांत सगळं तयार, आणि मग गृहप्रवेश. धूळ नाही, गोणपाट नाही, वर्षानुवर्षं अर्ध्या घरात रांधणं नाही. आईनं काढलेले ते दिवस मी पाहिलेत, सिमेंटच्या धुळीत झाकून ठेवलेली कणीक पाहिली आहे, त्यामुळं सूनबाईला ते भोगावं लागलं नाही याचं मला मनापासून बरं वाटतं. नोकरी करणाऱ्या दोघांना दर दिवाळीला भिंती रंगवायला वेळ कुठला?

तरी त्या घरात पहिल्यांदा पोळ्या लाटताना सूनबाईचे खांदे वर चढलेले दिसले. ओटा चौतीस इंचाच्या आसपास, सगळीकडे असतो तसा. ती माझ्या आईइतकीच ठेंगणी. पण मॉड्युलर किचनची कपाटं ठरलेल्या मापात येतात, त्यांच्यावर दगड बसलेला, आता काय हलवणार? नातवाला विचारलं, तुझ्या खोलीतलं काय तू केलंस? त्याला प्रश्नच कळला नाही. भिंतीवरचे ग्रहगोल छान आहेत, पण ते चिकटवून गेलेल्या माणसाला त्यानं पाहिलेलंही नाही. नळाची तोटी गळली तर पाणी कुठून बंद करायचं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. साताऱ्याला आम्हाला अंधारातही सापडायचं, कारण तो पाइप पुरताना आम्ही तिथं उभे होतो.

सुदैवानं पैसे संपले म्हणून त्यांची एक छोटी खोली आणि बाल्कनी तशीच राहिली. मी म्हटलं, राहू दे, घाई करू नका. मुलानं ड्रिल मशिन आणलं आहे. बापलेकांनी मिळून त्या खोलीत पुस्तकांची फळी लावली. नातवानं लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणून दिल्यावरच भोक पाडलं गेलं. आल्यागेल्याला तो आधी ती फळी दाखवतो. बाल्कनीत सूनबाईला बसायला कट्टा हवा आहे. तिनं पाटावर उशा रचून बसून पाहिलं, दुपारी ऊन कुठवर येतं त्याच्या खुणा खडूनं करून ठेवल्या. वर शहाबादी घालायची की लाकूड, यावर घरात अजून एकमत नाही. पावसाळा जाऊ दे, मग बघू, असं ठरलं आहे.