देवीच्या पीठाखालची अक्षरं

प्रदर्शनातले फलक कोण लिहितं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मलाही पडला नव्हता. पणजीतल्या एका डिझायनर मित्राने दख्खनवरच्या छोट्याशा प्रदर्शनासाठी मराठी मजकूर मागितला आणि मी फुशारक्या मारत होकार दिला. बिदर आणि गुलबर्गा हा आपल्या सासुरवाडीचा मुलूख. आपल्याला काय कठीण!

पहिला फलक मी तीनशे शब्दांचा लिहिला. मित्राने तो वाचलाही नाही, नुसता लांबून बघितला. म्हणाला, ''माणूस उभा असतो रे. पाय दुखत असतात, मागून पोरगं ओढत असतं. साठ शब्द.'' मी चिडलो. साठ शब्दांत बहमनी राज्य? महमूद गावानने बिदरला मदरसा उभारला तो 1472 साली, आणि त्याच साली त्याने आमचं गोवा विजयनगरकडून घेतलं. एवढं सांगण्यातच निम्मे शब्द संपले.

शेवटी आम्ही दोघे तिकडेच गेलो. बरोबर सासूबाई. सरकारने 2014 साली गुलबर्ग्याचं कलबुर्गी केलं, पण त्यांच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे. घरात मराठी, दारात कन्नड आणि बाजारात दखनी, अशा तीन भाषा त्या एका वाक्यात फिरवतात.

बिदरला मित्राला फलकांचा रंग सापडला. बिदरीचं काम तुम्ही पाहिलं असेल. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. तोवर सगळं करडंच दिसतं. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्याने भांडं घासलं की जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागीर म्हणे ती माती जिभेवर ठेवून पारखतात. मित्र म्हणाला, ''ठरलं. काळी पाटी, चांदीची अक्षरं. नक्षी नको, काळं-पांढरंच बोलेल.''

मग सन्नतीला निघालो. भीमेच्या काठी, कलबुर्गी जिल्ह्यात, चंद्रलांबा देवीचं स्थान. सासूबाईंच्या माहेरची ही कुलदेवता, त्यामुळे वाटेतच ओटीची पिशवी तयार. शेजारच्या कनगनहळ्ळीला 1994 पासून पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. चुनखडीच्या शिळांवर बुद्धाच्या आणि जातकांच्या कथा कोरलेल्या. आणि गंमत बघा, चित्रांना नावं दिलेली! एका शिळेवर राजा, राणी, चवऱ्या ढाळणाऱ्या बाया, आणि ब्राह्मीत दोनच शब्द: ''राया असोको''. अशोक होऊन गेल्यावर कित्येक पिढ्यांनी कुणीतरी बघणाऱ्याची सोय केलेली. सातवाहन राजांच्या शिल्पांवरही अशीच नावं आहेत.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द. मी मान खाली घातली.

सासूबाईंना मी वाचून दाखवलं तर त्या हसल्याच. ''राया? अहो, हे तर आपलंच झालं की हो!''

खरा पेच मात्र पुढेच होता. चंद्रलांबेच्या आवारातल्या कालीमातेच्या देवळाचं छप्पर 1980 च्या दशकात कोसळलं. मूर्तीखालची शिळा उघडी पडली, ती अशोकाच्या आज्ञांची निघाली. दोन्ही बाजूंनी कोरलेली. मूर्ती बसवायला मधोमध चौकोनी भोक पाडलेलं, त्यात अक्षरं गेलेली. परतीच्या वाटेवरच मित्राला मथळा सुचला: ''देवीच्या पायाखाली अशोक''. पाचशे पावलांवरून माणूस थांबेल, म्हणाला. मलाही तो आवडला, हे कबूल करतो.

रात्री जेवताना सासूबाईंना सांगितला. त्यांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. ''जावईबापू, आम्ही काय त्याला तुडवला का? आमच्या आज्जीच्या आज्जीला तरी ठाऊक होतं का ते काय आहे ते? देवीनं सांभाळला म्हणून तर तुम्हाला मिळाला.''

मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, श्रद्धाळू माणसाचं असंच असतं, आपण इतिहास सांगतोय. मला झोप लागली नाही. इतिहास तरी आम्ही कुठे सांगत होतो? ज्याने भोक पाडलं त्याला ती अक्षरं वाचता येत होती की नाही, कुणास ठाऊक. ''पायाखाली'' म्हटलं की अपमान आला, आणि ''देवीनं सांभाळला'' म्हटलं की भोक झाकलं गेलं. दोन्हींत आमचं पदरचं काहीतरी होतं.

सकाळी त्या शिळेवरचा मजकूर पुन्हा काढून वाचला. बारावी आज्ञा त्यातच आहे. आपल्या पंथाची फाजील स्तुती करू नये, दुसऱ्याची विनाकारण निंदा करू नये, जिभेला आवर घालावा, असा तिचा आशय. तो मी मोठ्याने वाचला. मित्र बराच वेळ गप्प बसला. मग त्याने मथळा खोडला.

फलक अखेर असा झाला: ''ही शिळा अशोकाच्या आज्ञांची. पुढे ती कालीमूर्तीचं पीठ झाली. मूर्ती बसवताना मधली अक्षरं गेली. पीठ होती म्हणून बाकीची राहिली.'' एकोणीस शब्द. खाली शिळेचं मोठं छायाचित्र, भोक दिसेल असं.

प्रदर्शनात त्यापुढे गर्दी झाली नाही. झाली ती बिदरी हुक्क्यासमोर. मित्र अजूनही म्हणतो, तो मथळा असता तर झाली असती. बरोबरच आहे त्याचं.

सासूबाई आल्या होत्या. चष्मा पुसून त्यांनी फलक दोनदा वाचला, भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ''गेली ती गेलीच की हो.'' मग सवयीने फलकालाच हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.