खोक्यावरचा ठेका

बोटीवर नाचायचं असेल तर आधी गुडघे सैल सोडावे लागतात. भाचीच्या साल्साच्या क्लासात हे शिकवलेलं नव्हतं, कारण अंधेरीतल्या क्लासातली फरशी हलत नाही. गेटवेपासून बोट जरा लांब आली, मोकळ्या पाण्याचा डोल लागला आणि तिच्या ऑफिसातली सगळी तरबेज मंडळी एकदम नवशिकी दिसायला लागली. पुढे टाकलेलं पाऊल डेक खाली गेल्यामुळे उशिरा टेकायचं, मागे घेतलेलं लवकर. स्पीकरमधल्या गाण्याची एक लय होती आणि बोटीची दुसरी, आणि दोघींना एकमेकींची काही पडलेली नव्हती. त्या धांदलीतून हातात ग्लासांचा ट्रे घेऊन खलाशी पोरगा सरळ चालत गेला. त्याला विचारलं तर करंज्याच्या कोळीवाड्यातला निघाला. त्याच्या गुडघ्यांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

‘लॅटिन नाइट, जेवणासह’ असं आमंत्रण होतं. घरच्या एका माणसाला आणायची परवानगी होती, म्हणून भाचीनं मला ओढून नेलं. मी अलिबागची. मांडव्याची लाँच मी पकडत आले ती पोचायला, आणि लाँचवर आपण फार तर मेदूवडा खातो नाहीतर सीगलना चिवडा टाकणाऱ्यांवर वैतागतो. पोचायचंच नाही, निघालो तिथंच परत यायचं आणि मध्ये नाचायचं, ही कल्पना माझ्या पिढीच्या गळी उतरायला वेळ लागतो. जेवणात मासे होते. कुठले म्हणून विचारलं तर बासा! खाली बोंबलाचं पाणी, समोर ससून डॉक, आणि ताटात व्हिएतनामच्या तळ्यातला बासा. यावर अधिक बोलत नाही, भाचीला राग येतो.

मला खटकलं ते वेगळंच. बोट निघताना माइकवरच्या मुलीनं गेटवे दाखवला, ताज दाखवला, मग म्हणाली की आता समोर फक्त समुद्र आहे, एन्जॉय करा. समोर फक्त समुद्र नव्हता. समोर आमचा जिल्हा होता. उजेडाचे ते लहान ठिपके घारापुरीचे होते. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन वस्त्या, उरण तालुका. मुंबईच्या झगमगाटासमोर बसलेल्या या बेटाला कायमची वीज मिळाली २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. पलीकडे पिवळ्या दिव्यांची रांग दिसत होती, ते न्हावा-शेवा बंदर. १९८९ मध्ये ते सुरू झालं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८४ च्या जानेवारीत, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. बंदराच्या त्या दिव्यांच्या वर आता अटल सेतूची माळ, २१.८ किलोमीटर लांब, जानेवारी २०२४ पासून. पार्टीच्या बोटीवर हे सगळं सांगावं असं माझं म्हणणं नाही. गोळीबाराची हकीकत ऐकून कुणाची कंबर हलणार? पण ‘फक्त समुद्र’ म्हणू नये, एवढं तरी.

गंमत अशी की जे गाणं वाजत होतं, ते अशाच एका बंदरातल्या हमालांनी घडवलेलं.

साल्साच्या गाण्यात कान देऊन ऐकलं तर सगळ्यांच्या खाली लाकडाचा एक कोरडा टणत्कार सापडतो. तीन ठोके, थोडा श्वास, दोन ठोके. कधी उलट, आधी दोन, मग तीन. बाकीची पितळी वाद्यं कितीही उधळू देत, कुणालाही या पाच ठोक्यांचा हिशेब चुकवता येत नाही. ज्या दोन जाड दांड्या एकमेकींवर आपटून हा आवाज निघतो, त्या क्लावे. क्यूबाचे थोर अभ्यासक फर्नांदो ऑर्तिस यांनी त्यांचं मूळ हवानाच्या जहाज बांधणीत शोधलं. लाकडी जहाजाच्या फळ्या जोडायला तिथं कठीण लाकडाच्या खुंट्या ठोकत. गोदीत काम करणाऱ्यांनी त्यातल्या दोन उचलल्या आणि एकीवर दुसरी वाजवली. तेवढ्यावर एका खंडाचं संगीत उभं राहिलं.

ढोलाची गोष्ट याहून बोलकी आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या ढोलांची मालकांना आणि सरकारला भीती वाटे. ढोल म्हणजे जमाव, ढोल म्हणजे निरोप. म्हणून त्यांच्यावर वेळोवेळी बंधनं येत. मग हवाना आणि मातान्सासच्या धक्क्यांवरचे मजूर रिकाम्या खोक्यांवर बसून ती बडवायला लागले. मोठं खोकं खर्जाला, लहान वरच्या सुराला. त्यांतली बरीचशी खोकी सुक्या कॉड माशांची असत. रुंबा या खोक्यांवर वाढला. क्यूबातली गुलामी कायद्यानं संपली १८८६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे काँग्रेस स्थापन झाल्याच्या पुढच्या वर्षी. सुक्या माशांच्या खोक्यावर बसून धरलेला ठेका म्हटल्यावर आमच्या कोळीवाड्यातल्या कुणालाही तो परका कसा वाटेल? रेवदंड्याच्या किंवा थळच्या बंदरावर दुपारी फेरफटका मारा. बोंबलाच्या वलांडीखाली कुणीतरी रिकाम्या डब्यावर बोटं चालवत असतंच.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. क्यूबातला सोन हा प्रकार बंदरांतून, रेडिओतून, तबकड्यांतून जगभर गेला. एन्रिके होरिन या व्हायोलिनवाल्यानं १९५० च्या सुमारास चाचाचा आणला. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको आणि क्यूबाहून आलेल्या वस्त्यांत याच सगळ्याचं साल्सा झालं, आणि १९६४ मध्ये निघालेल्या फानिया या तबकड्यांच्या कंपनीनं ते घराघरांत नेलं. म्हणजे परक्या शहरात मजुरीला आलेल्यांचं गाणं. आपल्या गिरणगावातल्या कोकण्यांनी रात्री चाळीच्या पटांगणात जे केलं, त्याच्या फार लांबचं ते नाही.

मुंबईत मात्र क्यूबाचं हे संगीत मागच्या दारानं आलं नाही. आलं ते ताजच्या दिवाणखान्यातून. आल्डोणे गावचा आंतोनिओ शाव्हिएर वाझ ट्रम्पेट वाजवायचा आणि ‘चिक चॉकलेट’ या नावानं मुंबई गाजवायचा. हॉटेलांत साहेबलोक नाचत होते, त्यांच्यासाठी तो आणि त्याचे गोवेकर साथीदार रुंबा वाजवत. साहेब गेले. वादक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. तिथं पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, या चिक चॉकलेटला साथीला घेऊन बसला. कावस लॉर्ड नावाच्या पारशी गृहस्थांनी हिंदी गाण्यांत बाँगो-काँगो रुजवले. आणि १९५१ मध्ये आला ‘अलबेला’. झालरीच्या बाह्यांचे झगे घालून चिक चॉकलेट आपल्या बँडसकट त्यात पडद्यावरही दिसतो. समोर नाचतोय कोण? भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, अंगानं गोल, शिकवलेलं नृत्य शून्य. भगवानदादांनी त्या क्यूबन ठेक्याला जे केलं, ते हवानातल्या धक्क्यावरच्या माणसानं बघितलं असतं तर त्याला लगेच ओळख पटली असती. खांदा थोडा उडवायचा, हात कोपरात मोडून ठेवायचे, पाय जागचे फारसे हलवायचेच नाहीत, जागा कमी असते ना! त्या चालीवर अख्खा महाराष्ट्र गणपती विसर्जनात आणि हळदीत आजही नाचतो. हमालांचा ताल साहेबांच्या हॉटेलातून फिरून शेवटी गिरणगावच्या पोराकडे पोचला, हे मला त्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात न्यायाचं वळण वाटतं.

आणि आमच्या किनाऱ्याचं याहून जुनं नातं आहेच. १५०५ मध्ये पोर्तुगीज चौलला आले. तीन वर्षांनी चौलच्याच पाण्यात झालेल्या लढाईत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा मारला गेला. पुढे कुंडलिकेच्या मुखाशी त्यांनी ठाणं वसवलं, पलीकडे कोर्लईचा किल्ला बांधला. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. बोली गेली नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लईत हजाराच्या आसपास माणसं घरात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. शब्द बरेचसे तिकडचे, वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठीची. म्हणजे ‘लॅटिन’ म्हणून ज्या भाषांचं आपल्याला कौतुक, त्यांतलीच एक नात आमच्या तालुक्याच्या शेजारी मासळी विकते, एसटीत जागेवरून भांडते. पार्टीच्या बोटीवर मी हे भाचीच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘ओ वॉव, तिथं रिसॉर्ट आहे का?’

कोर्लईहून आणखी खाली उतरलं की मुरुड, आणि पाण्यात जंजिरा. सिद्दी इथले राजे होते, थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले, हबसाणातले. क्यूबात नेलेली माणसं बहुतेक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. तेव्हा दोघांना एक करून टाकण्याची घाई मी करणार नाही. पण एकाच खंडातली माणसं, गुलाम म्हणून वा शिपाई म्हणून, दोन समुद्रांपार नेली गेली. एका किनाऱ्यावर त्यांना ढोलाचीसुद्धा चोरी झाली, दुसऱ्यावर त्यांनी अजिंक्य किल्ला राखला. ही तुलना मनात आली की साल्साचं पाऊल टाकताना माझं लक्ष उडतं. तशीही मी फार नाचत नव्हते.

खरं सांगायचं तर बोटीवर मौज या गोष्टीलाच आमच्या घरात एक अडसर आहे. १७ जुलै १९४७. आषाढी अवस, दिव्यांची. सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला यायला सुटली आणि काशाच्या खडकाजवळ वादळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-पेण पट्ट्यात त्यानंतर कितीतरी वर्षं आषाढात बोटीचं नाव काढलं की आज्या गप्प बसायला लावत. आणि परवा परवा, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, पंधरा जण गेले. म्हणून मी कुठल्याही बोटीत चढले की आधी लाइफ जॅकेटं कुठं ठेवलीत ते बघते. त्या रात्री ती डीजेच्या टेबलाखाली होती. मी त्याला ते हलवायला लावलं. भाची म्हणाली, ‘मावशी, तू ना!’

कोळ्यांना विचाराल तर ते बोटीवर नाचतात, आणि मनापासून नाचतात. नारळी पुनवेला होड्या सजवून, दर्याला नारळ देऊन. पण त्या नाचात दर्याची परवानगी घेतलेली असते. त्यांची बरीचशी गाणी सहा मात्रांच्या अंगानं डोलतात, वल्ह्याची ओढ आणि सोड त्यात असते, त्यामुळे डेक हलला तरी पाय चुकत नाही. ट्रेवाला पोरगा म्हणूनच सरळ चालत होता. मला वाटतं, बोटीवरच्या साल्साची अडचण साल्सा नाही. क्लासात शिकलेली पावलं आरशासमोरच्या पक्क्या फरशीवर मोजूनमापून बेतलेली असतात. मूळचा नाच अरुंद, उतरत्या, गर्दीच्या जागेचा होता. ती बंदरातली सवय गाळून फक्त आकडे उरले : एक-दोन-तीन, पाच-सहा-सात.

गोव्यात मांडवीवर पणजीच्या जेट्टीवरून संध्याकाळच्या बोटी सुटतात. त्यांवर देखणी होते, फुगडी होते, पोर्तुगीज खेड्यांतला कोरिदिन्यु होतो, मग माइकवाला सगळ्या जोडप्यांना, मग सगळ्या मुलांना वर बोलावतो. जाणकार मंडळी त्याला बाजारू म्हणून नाकं मुरडतात. मला मात्र ते बरं वाटतं. नाचणाऱ्या मुली तिथल्याच असतात, आणि काठावरच्या गावाला ‘फक्त नदी’ कुणी म्हणत नाही.

भाचीचं लग्न मे महिन्यात ठरलंय. हळद रेवदंड्याला, आजोळी. तिचा हट्ट की हळदीत एक तरी साल्सा हवा, तिचा मुंबईचा मास्तर येऊन शिकवेल. आत्याचं म्हणणं, हळदीत आधी धवले गायचे, मग काय हवा तो धिंगाणा घाला. आमच्याकडे हळद म्हणजे बेंजो पार्टी आलीच : कळा दाबून वाजवायचा विजेवरचा बेंजो, सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, आणि काँगोची जोडी. मी पार्टीवाल्याला फोन लावला, मोबाइलवर क्यूबाचं एक जुनं गाणं ऐकवलं, जमेल का म्हणून विचारलं. पलीकडे त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि टेबलावर बोटांनी ठोके धरले. मलाही ऐकू येत होते, तीन आणि दोन.

‘ताई, हा तर अलबेलाचा हात आहे. आमी वाजवतोच की,’ तो म्हणाला. ‘ॲडव्हान्सचं काय करताय ते बोला. मेमध्ये तारखा फुल्ल आहेत.’