रिओमार्गे मानेसर

गुडगाव

ती. बापूकाका,


दिल्लीकडे येऊन गाणं सुटलं की काय, असं विचारलंत. सुटलं नाही, गाडीत मात्र बसलं. राजीव चौकापासून मानेसरपर्यंतच्या कोंडीत आमचे जपानी साहेब एकच रेकॉर्ड लावतात. (जपानी माणूस इथे नवा नाही. मारुतीची पहिली गाडी १९८३ साली गुडगावातूनच बाहेर पडली, तेव्हापासूनची ये-जा.) तुम्ही ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवलाय, म्हणून तुम्हालाच लिहितो.

मासायोशी ताकानाका हा टोकियोचा गिटारवाला. 'ब्राझिलियन स्काइज' हा त्याचा १९७८चा अल्बम. पंचविशीतला हा पोरगा रेकॉर्डिंगला थेट रिओ द जानेरो गाठतो, उरलेलं लॉस एंजेलिसला. जॅझ-फ्यूजन म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, ठाऊक आहे. गणितं सोडवल्यासारखं वाजवणारे मलाही सोसत नाहीत. इथे गिटार सरळ चाल गाते, दुसऱ्यांदा ऐकताना आपण गुणगुणू लागतो. गंमत खाली चालते. सांबाच्या दोन ठोक्यांत दुसरा जड. सुर्दो नावाचा मोठा ढोल तो दाबून वाजवतो. आपला कान वजन पहिल्यावर शोधतो आणि तिथेच फसतो, पाय मात्र हलायला लागतात. 'स्टार वॉर्स'ची धूनसुद्धा पठ्ठ्याने सांबात बसवलीय. वात्रटपणाच, पण झोकात! मधूनच डिस्को डोकावतो, तिथे माझं लक्ष उडतं.

जपानला ब्राझीलचं वेड कुठून, असं तुम्ही विचारणारच. १९०८ साली कोबेहून 'कासातो मारू' जहाज ७८१ माणसं घेऊन सान्तोसला लागलं. कॉफीच्या मळ्यांत मजूर हवे होते. संगीत उलट्या वाटेने आलं. सॅक्सोफोनवाला सादाओ वातानाबे अमेरिकेत बर्कली संगीत विद्यालयात शिकला, १९६५ला जपानला परतला आणि त्याने तिथे ब्राझीलचा बोसानोव्हा रुजवला. ताकानाकाच्या पिढीच्या कानावर हे आधीपासूनच पडलेलं.

"भारतीय माणसाला हे कसं काय आवडतं?" साहेबांनी विचारलं. मी 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' लावलं. म्हटलं, हे १९५१चं. संगीतकार पुणतांब्याचे चितळकर अण्णा, साथीला गोव्याचा चिक चॉकलेट, आणि हा बोंगो ऐका. आमच्या अण्णांना रिओला जावं लागलं नाही! साहेबांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. अण्णांच्याच 'गोरे गोरे' गाण्याची अख्खी चालच बाहेरून उचललेली, हे मात्र मी बोललो नाही. ठेका आणणं आणि चाल आणणं यांत मी फरक करतो, तुम्ही करत नाही. त्यावरून आपण दिवाळीत भांडूच.

तोवर बंड्याला सांगून ही रेकॉर्ड स्पीकरवर लावून घ्या, कानात घालून नको. सुर्दोचा तो दुसरा ठोका बोंगोवर कसा काढाल, तेही कळवा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
नंदू