ठेक्यावरचा गोटा

आमच्या गाण्याचं शूटिंग पांढुर्ण्याला, जाम नदीवर झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव गोटमार खेळतात. मागच्या वर्षीची क्लिप मोबाइलमध्ये होतीच. ती टाकली की व्हिडिओ चालणार, हे सगळ्यांचं मत, माझंही.

एडिटिंगला सौंसरला मित्राच्या घरी बसलो. ढोलाच्या ठेक्यावर गोटा नेमका डोक्यावर बसत होता. आम्ही खूश! चहा घेऊन आलेली त्याची आजी स्क्रीनकडे बघत थांबली. म्हणाली, "अरे बाप्पा, कोनाचा तरी पोट्टा आहे ना तो?"

कोणीच बोललं नाही. मी क्लिप काढली. आता त्या ठेक्यावर नुसती नदी वाहते. व्ह्यूज थोडेच आले. आजीनं मात्र दोनदा पाहिला.