काकाची स्कूटर

शाळेत माझ्या कंपासपेटीवर फेरारीच्या घोड्याचं स्टिकर होतं. घोडा म्हणजे वेग, एवढंच मला कळायचं. त्यामागची गोष्ट मी बऱ्याच वर्षांनी वाचली आणि इंदूरच्या घरी एका संध्याकाळी आजीला सांगितली.

तो घोडा मुळात फ्रान्चेस्को बराका या इटालियन वैमानिकाच्या विमानावर होता. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली तो मारला गेला. १९२३ मध्ये एन्झो फेरारीने राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकली, तीही अल्फा रोमिओ चालवून. तेव्हा बराकाच्या आईने त्याला सुचवलं, की माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाडीवर लाव, तुला लाभेल. एन्झोने त्यामागे आपल्या मोदेना गावाचा पिवळा रंग भरला. मारानेल्लोच्या कारखान्यातून पहिली फेरारी १९४७ साली निघाली. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतली पहिली शर्यत फेरारीने जिंकली. पण १९५६ मध्ये एन्झोचाच मुलगा दिनो २४व्या वर्षी आजाराने गेला.

आजी शेंगा सोलत ऐकत होती. शर्यतींबद्दल तिने काहीच विचारलं नाही. "त्या माउलीने दिलं म्हणून तो घोडा पळाला," एवढंच म्हणाली.

आमचा धाकटा काका अपघातात गेला, तेव्हापासून त्याची स्कूटर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. तिला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी किल्ली ठेवलेली होती.

"दुरुस्त करून घे," आजी म्हणाली, "आणि सावकाश चालव रे बाबा."